मलावीला निघाले आहे: छोट्या देशात इतक्या देणगीदारांचा मेळ नेमका कोण आणि कसा घालतं?

त्रिमूर्तीनगरची

नमस्कार मंडळी. आफ्रिकेत नोकरी करून आलेले काही जण इथे लिहितात हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते.

मी नागपूरची. अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि पाच वर्षं यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेत होते, पाणलोट आणि महिला बचत गटांच्या कामावर. आता दोन वर्षांच्या करारावर मलावीला, तिथल्या राजधानीत, लिलाँग्वेला जाते आहे. नेमणुकीच्या पत्रात कामाचं एवढंच वर्णन आहे: परकीय मदतीच्या समन्वयात सरकारी खात्याला साहाय्य. निघायला सहा आठवडे आहेत.

वाचन चालू आहे. परकीय मदत कशी द्यावी-घ्यावी याबद्दलचा २००५ चा पॅरिस जाहीरनामा वाचला. घेणाऱ्या देशानं आपला कार्यक्रम स्वतः ठरवायचा, देणाऱ्यांनी त्याच्याच यंत्रणेतून पैसा द्यायचा, आपसात कामं वाटून घ्यायची, परिणाम मोजायचे आणि दोघांनी एकमेकांना हिशेब द्यायचा. मग त्याच विषयावरच्या पुढच्या परिषदांचे कागद, २००८ चं अक्रा, २०११ चं बुसान. २०१० सालापर्यंत गाठायची म्हणून जी तेरा उद्दिष्टं ठरली होती, त्यातलं जगभर मिळून फक्त एक गाठलं गेलं असं २०११ च्या पाहणीत निघालं. नव्वदच्या वर देशांनी मान्य केलेली गोष्ट, आणि तेरातलं एक. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. तिथे टेबलाशी बसून मी काय करणार?

अस्वस्थ व्हायला आणखी एक कारण आहे. घाटंजीकडच्या एका गावात आमच्या संस्थेचे बचत गट मीच उभे केले होते. घरोघर फिरून यादी केली. दीड वर्षानं एका बाईकडे पासबुक मागितलं तर तिनं पिशवी उलटी केली आणि तीन पासबुकं पडली. तीन संस्थांचे तीन गट, बाया बहुतेक त्याच. सोमवारी एक बैठक, बुधवारी दुसरी, शनिवारी आमची. कापूस वेचणीच्या दिवसांत ती मजुरी बुडवून तिन्हीकडे जायची, कारण पुढे कर्ज किंवा शेळी कुणाकडून मिळेल याचा तिला भरवसा नव्हता. मला म्हणाली, "ताई, तुम्ही तिघी एकदा एकमेकींशी बोलून घ्या ना." दुसऱ्या संस्थेचं ऑफिस बस स्टँडच्या पलीकडच्या बाजूला होतं. दीड वर्षात मी एकदाही रस्ता ओलांडला नव्हता.

तर पहिल्या तीन महिन्यांत मी काय बघू, कुणाजवळ बसू? कृपया अनुभवाचं सांगा.

जुना_लेखापाल

पोरी, मनापासून अभिनंदन. विदर्भातल्या एका जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं लेखा विभागात काढली. परदेश काही पाहिला नाही, तरी दोन शब्द सांगतो.

तू यवतमाळात जे पाहिलं तेच तिथं मोठ्या आकड्यात दिसेल. आमच्या एका शाळेत तीन वर्षांत पाण्याचे तीन फिल्टर आले, तीन कंपन्यांच्या सीएसआरमधून. वीजबिलाला तरतूद कोणाचीच नाही, म्हणून तिन्ही बंद. साठा नोंदवहीत घ्यायचं म्हटलं तर किंमत माहीत नाही, बिलं कंपन्यांजवळ. वस्तू भिंतीवर लटकून राहिली, पण दफ्तरी तिचा पत्ता नाही. जे दफ्तरी नाही त्याच्या दुरुस्तीचा खर्च मी कोणत्या लेखाशीर्षावर टाकू? हेडमास्तर दर महिन्याला विचारायचे अन् माझ्याजवळ उत्तर नसायचं.

अन् आपणही एकेकाळी घेणारेच होतो, हे ध्यानात ठेव. १९५८ मध्ये आपलं परकीय चलन आटलं, तेव्हा जागतिक बँकेनं देणाऱ्या देशांना एका टेबलाशी बसवलं. एड इंडिया कन्सॉर्शियम म्हणत त्याला. या पद्धतीचा तो पहिलाच गट. पुढं २००३ मध्ये आपल्या सरकारनं ठरवलं की थेट मदत मोजक्याच देशांकडून घ्यायची. बाकीच्यांनी ती स्वयंसेवी संस्थांना किंवा युनोच्या संस्थांना द्यावी. काऊन, तर रक्कम लहान अन् कागद मात्र मोठ्या देणाऱ्याइतकाच. लेखा विभागातल्या माणसाला हे चटकन पटते.

पण असं म्हणायला आपल्याजवळ तोवर गंगाजळी जमली होती. मलावीसारख्या देशाजवळ काय आहे? तिथं देणाऱ्याला "नको" कसं म्हणत असतील, हे मलाही समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी लिहावं.

तलावाकाठचा

काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी नागपूरच्या नंदनवनचा. २००९ ते २०१४ मलावीत होतो, उत्तरेकडच्या एका जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात. एका प्रकल्पाचे हिशेब माझ्याकडे होते. कार्यालयाचं नाव देत नाही, तिथल्या माणसांचा दोष नव्हता म्हणून.

ताई, तुम्हाला आधी एक कपाट दाखवतो. जिल्हा लेखापालाच्या खोलीत राखाडी लोखंडी कपाट होतं. वरच्या खणात रबरबँड लावलेली चेकबुकं, प्रत्येकावर पेननं डोनरचं नाव. सात बँक खाती, सात कॅशबुकं. मलावी सरकारचं आर्थिक वर्ष तेव्हा जुलै ते जून असे (२०२२ पासून ते आपल्यासारखं एप्रिल ते मार्च झालं). ब्रिटनचं एप्रिल ते मार्च. अमेरिकेचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. जर्मनी आणि नॉर्वेचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे कुणा ना कुणाचा मार्च एंड कायम दाराशी उभा.

तो लेखापाल पन्नाशीचा, अत्यंत प्रामाणिक गृहस्थ. जीप एका फेरीत लसींचे डबे टाकायची, मलेरियाच्या मच्छरदाण्या पोचवायची आणि परतताना एखादी अडलेली बाई घेऊन यायची. डिझेलची पावती एकच. मग तो पट्टी लावून कागदावर पेन्सिलीनं चार रकाने आखायचा, किलोमीटरप्रमाणे डिझेल वाटायचा आणि त्या एका पावतीच्या चार झेरॉक्स चार फायलींना लावायचा. चारही डोनरांना मूळ पावतीच हवी असायची. महिन्याचे आठ-दहा दिवस त्याचे ह्यात जायचे. तेवढ्यात औषधांच्या मागणीपत्रकावर सही राहून जायची. एकदा तशी राहिली आणि एका आरोग्य केंद्रात तीन आठवडे मलेरियाची गोळी नव्हती, ऐन पावसाळ्यात. त्याच्यावर ओरडावं असं मला कधीच वाटलं नाही. मूळ पावतीसाठी तगादा लावणाऱ्या चौघांपैकी एक मी होतो, आणि ती गोष्ट मला अजून टोचते.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणांची. प्रत्येक प्रकल्पाचं प्रशिक्षण स्वतंत्र, भत्त्याचे दर स्वतंत्र. पगार इतका तुटपुंजा की नर्सला त्या अलाउन्सची गरज असायची, आणि ती जायची. पण केंद्रात नर्स एकच. ती तालुक्याच्या लॉजमध्ये फ्लिपचार्टसमोर बसलेली, आणि इकडे बाळंतपणाला आलेल्या बाईला दारावरचं कुलूप दिसायचं.

आता त्याच आवारातली समोरची खोली. तिथे एचआयव्हीच्या औषधांचा दवाखाना होता. पैसा तिथेही परदेशी, मुख्यतः ग्लोबल फंडाचा (एड्स, क्षय आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी), आणि मदतीला चार-पाच परदेशी संस्था. तरी त्या खोलीत गोंधळ नव्हता. टेबलावर आडवं मोठं रजिस्टर, मलावीच्या आरोग्य मंत्रालयानं छापलेलं. देशातल्या प्रत्येक दवाखान्यात तेच रजिस्टर, तेच रकाने, तेच रुग्ण-कार्ड, औषधांची तीच जोडी. दर तिमाहीला मंत्रालयाचं पथक यायचं आणि नर्सच्या शेजारी बसून रजिस्टर आणि कार्डं स्वतः मोजायचं. तिची बेरीज चुकली असेल तर तिथेच दुरुस्त, आणि सगळं बरोबर निघालं तर तिला प्रमाणपत्र. ती ते भिंतीला लावायची. कुठल्याही परदेशी संस्थेला मदत करायची असेल तर ह्या रजिस्टरात करायची, स्वतःचं वेगळं आणायचं नाही.

ह्याच खात्यानं २०११ मध्ये एक धाडसी निर्णय घेतला. तोवर गर्भवतीला आजीवन औषध द्यायचं की नाही हे रक्ताच्या सीडी-४ तपासणीवर (प्रतिकारशक्ती किती उरली ते त्यात कळतं) ठरायचं. खेड्यात ते यंत्रच नाही. मग मलावीनं ठरवलं की एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला थेट आजीवन औषध सुरू करायचं. ह्याला 'ऑप्शन बी प्लस' म्हणतात. जगात असं करणारा मलावी पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ते २०१३ मध्ये आलं. जगातल्या अतिगरीब देशांत गणना होणारा देश पुढे चालला आणि देणारे मागून आले. काका, "नको" म्हणायला गंगाजळी लागतेच असं नाही, हे मी त्या खोलीत पाहिलं. "आमच्याकडे हे असं चालतं" म्हणून दाखवायला हातात स्वतःची वही होती, म्हणून ते जमलं.

आसपासच्या देशांनी दुसऱ्या वाटा काढल्या. टांझानियाचं देणाऱ्यांशी नव्वदच्या दशकात फार बिनसलं होतं. तेव्हा दोन्ही बाजूंच्या संमतीनं प्राध्यापक हेलाइनर यांच्या गटानं १९९५ मध्ये अहवाल दिला आणि त्यात सरकारबरोबर देणाऱ्यांच्याही चुका लिहिल्या. पुढे टांझानियानं बजेटच्या दिवसांत काही महिने परदेशी शिष्टमंडळांना येऊ नका म्हणून सांगायला सुरुवात केली, अधिकाऱ्यांना आपलं काम करता यावं म्हणून. रुवांडानं २०१० मध्ये देणाऱ्यांची क्षेत्रंच वाटली: एकाला साधारण तीन क्षेत्रं, त्याबाहेर जायचं नाही. देणाऱ्यांना आरोग्य आणि शिक्षण आवडतं, कारण फोटो निघतो. रस्त्याकडे, पाटबंधाऱ्यांकडे कुणी वळत नाही. रुवांडानं त्यांना वळवलं. शिवाय कुणी कबूल केलेला पैसा वेळेवर दिला आणि कुणी नाही, ह्याचं दरवर्षी गुणपत्रक काढलं.

आता तुमच्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल. समन्वय बैठकांचं वेळापत्रक तुमच्या हाती येईल, आणि तेच काम आहे असं वाटायला लागेल. बैठका घ्या, पण आधी बजेट विभागात जाऊन बसा. देशाच्या बजेटचे कोड शिका. मग मदतीचा जो डेटाबेस असेल त्यातला एकेक प्रकल्प त्या कोडांशी जुळतो का ते पाहा. जुळणार नाही. तिथून तुमचं काम सुरू. आरोग्य मंत्रालय अनेक वर्षं 'रिसोर्स मॅपिंग' करतं, कोण कुठल्या जिल्ह्यात कशावर किती खर्च करतो ते प्रत्येक संस्थेकडून भरून घेतं. ती माणसं शोधा. आणि दर डोनरला एकच प्रश्न चिकाटीनं विचारत राहा: पुढच्या वर्षी किती, कुठल्या महिन्यात, कुठल्या खात्यात. उत्तर "अंदाजे" असेल तर अंदाजाचा आकडा लिहून घ्या आणि वर्षाअखेरीला खऱ्या आकड्याशेजारी मांडा.

एकदा तरी जिल्ह्यावर जा आणि लेखापालाचं कपाट उघडायला सांगा.

प्रश्न_पडतोच

तलावाकाठचा यांचं लेखन आवडलं, पण एका बाजूचं वाटलं. देणारे एक झाले की घेणाऱ्याची मान एकाच दोरीत अडकते. मलावीत 'कॅब्स' नावाचा गट होता, ब्रिटन, युरोपीय संघ, नॉर्वे, जर्मनी, जागतिक बँक वगैरे मिळून थेट बजेटला पैसा देणारा. २०१३ मध्ये 'कॅशगेट' म्हणजे सरकारी तिजोरीतली चोरी उघडकीस आली आणि सगळ्यांनी एकदम हात आखडले. काँगोतल्या एम-२३ बंडखोरांना रुवांडाची मदत आहे असं युनोच्या अहवालात आल्यावर २०१२ मध्ये रुवांडात तेच. मोझांबिकात २०१६ मध्ये लपवलेली कर्जं बाहेर आली, पुन्हा तेच. दहा देणारे दहा दिशांना असते तर दोन गेले असते, आठ राहिले असते. छोट्या देशानं देणाऱ्यांना एकमेकांशी फार बोलू देऊ नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चीन आणि भारत ह्या टेबलाशी बसत नाहीत ह्याचा तिथल्या सरकारांना आधारच वाटत असेल.

तलावाकाठचा

तुमचं म्हणणं मी धुडकावत नाही. कॅशगेटच्या वेळी मी तिथेच होतो. सप्टेंबर २०१३. सरकारच्या संगणकीय लेखा प्रणालीतून न झालेल्या कामांचे पैसे निघाले आणि नोंदी पुसल्या गेल्या. नोव्हेंबरपर्यंत बजेटचा पैसा थांबला. आमच्या जिल्हा रुग्णालयात जनरेटरला डिझेल नाही, जेवण दिवसातून एकदा, न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा आणि सोबत उकडलेली घेवड्याची डाळ. चोरी राजधानीत झाली आणि उपास ह्या वॉर्डात.

पण पुढचंही सांगतो. बाहेरचा पैसा बंद झाला नाही, तो सरकारच्या दफ्तराबाहेरून वाहायला लागला. वर्षभरात आमच्या छोट्या गावात नवी ऑफिसं उघडली, नव्या गाड्या आल्या. जिल्ह्याचा सर्वात हुशार सांख्यिकी अधिकारी एका संस्थेत गेला, तेच आकडे तो आता त्यांच्यासाठी जमवू लागला. लेखापालाच्या कपाटात चेकबुकं वाढली. तुम्ही म्हणता ते दहा दिशांचे दहा देणारे मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. त्यांतला एखादा गेला तर काय गेलं हे सरकारलाही सांगता यायचं नाही, कारण होतं काय हेच लिहिलेलं नव्हतं.

देणाऱ्यांनी आपसात गट करावा असं माझं म्हणणं नाही. टेबल सरकारचं असावं, वही सरकारची असावी. आणि हो, तीच वही चोरीलाही आडवी येते. कॅशगेटमध्ये फसली ती वहीच होती, म्हणून तिची डागडुजी आधी. ती करायची सोडून पैसाच वहीबाहेरून वळवला गेला, तिथे मात्र मी हताश झालो होतो.

त्रिमूर्तीनगरची

सगळ्यांचे खूप आभार. कपाटाचा भाग मी आईला वाचून दाखवला, ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या त्या बाईच्या पिशवीसारखंच."

दोन प्रश्न आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएड ही त्यांची मदत देणारी सरकारी संस्था बंदच झाली. मलावीला सर्वात जास्त देणारा देश अमेरिकाच होता. आता मेळ घालायचा तरी कशाचा? आणि भारताचं काय? मी भारतीय म्हणून तिथे असेन, मला विचारतील.

तलावाकाठचा

पहिल्याचं उत्तर कठीण आहे. अशा वेळी मंत्रालयाला आधी माहीत हवं ते एवढंच: त्या पैशावर कुठल्या केंद्रात किती माणसं होती, त्यांतली किती नर्स, किती नोंदी करणारे, आणि औषधाचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो की त्याच. एचआयव्हीच्या खात्याला हे रजिस्टरावरून बरंचसं सांगता यावं. बाकी खात्यांचं मला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर ती यादी कुणाकडे आहे ते विचारा. नसेल तर तुम्हीच करा, केंद्रागणिक. ह्या घडीला त्याहून निकडीचं काम मला सुचत नाही.

भारताचं: सालिमाचा साखर कारखाना, इंधन साठवायच्या टाक्या, ब्लँटायरला मुलांजेकडून आणलेलं पाणी, ही आपल्या एक्झिम बँकेच्या (आयात-निर्यातीसाठीची सरकारी बँक) कर्जातली कामं. कर्जातला बराच माल भारतातूनच घ्यावा अशी त्याला अट असते. विचारलं तर तसंच सांगा, लपवू नका. आणि आपल्या उच्चायुक्तालयातल्या लोकांनाही तोच प्रश्न विचारा: किती, कधी, कुठल्या खात्यात. आपल्या देशाला सवलत दिलीत तर इतरांना विचारायचा हक्क राहत नाही.

माझ्याकडे त्या काळातलं मलावीचं एक बजेटचं पुस्तक आहे. त्यातल्या आरोग्याच्या कोडांवर आमच्या लेखापालानं पेन्सिलीनं खुणा करून दिल्या होत्या. कोड बदलले असतील, पण मांडणी समजेल. निघण्याआधी घेऊन जा.

जुना_लेखापाल

मलाही ते पुस्तक पाहायचं आहे. रविवारी सकाळी फुटाळा तलावावर सगळे जमत असाल तर मी येतो. पोरी, येताना एक कोरी नोंदवही आण. साठा नोंदवहीचे रकाने कसे आखतात ते बसल्या बसल्या दाखवतो.

त्रिमूर्तीनगरची

रविवारी साडेसात, नक्की. दोन वह्या आणते, एक घाटंजीला पाठवायची आहे. बस स्टँडच्या पलीकडच्या ऑफिसात काल फोन केला, त्या ताईंनी तिन्ही याद्या एकत्र करायला होकार दिला आहे.